लिनआजींच्या गावाचे फोटो

मंडळी, सकाळपासून कशात लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

इथे परदेशात, माउंट रॉस्किलला आमच्या शेजारी लिनआजी राहतात. शांघायजवळच्या कालव्यांच्या एका जुन्या गावात त्यांचं बालपण गेलं. गेल्या आठवड्यात पुण्याहून परतताना शांघायला दिवसभराचा थांबा होता, तेव्हा मी मुद्दाम ते गाव बघून आले. दगडी पूल, लाल कंदील, होडीतून फेरी. फोटो तर हीप्स काढले, अगदी ढीगभर!

आज आजींनी मागे खाऊ भरून दिलेला डबा परत द्यायचा होता. रिकामा कसा देणार? त्यांच्याच गावातून आणलेली तिळाची मिठाई भरून गेले. वाटलं, केवढ्या खूश होतील!

मिठाई बाजूला ठेवून त्या फोटोच बघत बसल्या. एकेक फोटो मोठा करून खिडक्या न्याहाळत होत्या. मी विचारलं, "काय शोधताय?"

"वाळत घातलेले कपडे," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी प्रत्येक खिडकीतून कालव्यावर कपड्यांचा बांबू बाहेर आलेला असायचा. इथे एकाही खिडकीत नाही. आता राहतं कोण तिथे?"

मीही फोटो पुन्हा नीट पाहिले. सगळीकडे दुकानं आणि माझ्यासारखे पर्यटक. मला तर ते गाव किती स्वच्छ वाटलं होतं!

निघताना त्यांनी डबा पुन्हा माझ्याच हातात दिला. "मुलांना दे," म्हणाल्या. मिठाईला हातही लावला नव्हता.

तुमच्या गावच्या घरी, दोरीवर आज कोणाचे कपडे वाळतायत?