काउंटरमागचं स्टूल

माझ्या आइस्क्रीमच्या दुकानावर पाटी एका मोठ्या कंपनीची आहे. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा काउंटरवरच्या शोभाताईंनी कंपनीच्या काळ्या बुटातून एक पाय काढला आणि गार फरशीवर टेकवला. मग दुसरा. दोन्ही घोटे सुजले होते.

"जरा बसत का नाही?" मी विचारलं.

"कशावर बसू, मॅडम?" त्या हसून म्हणाल्या.

कंपनीच्या आराखड्यात काउंटरमागे स्टूल नाही, म्हणून तीन वर्षं मीही ठेवलं नव्हतं. नियम दुसऱ्याचा असला की आपल्याला फार विचार करावा लागत नाही. पण शोभाताईंच्या नेमणुकीच्या कागदावर सही माझी आहे. ते पाय दिवसभर माझ्यासाठी उभे असतात.

संध्याकाळी मी बाजारातून स्टूल आणलं. शोभाताईंनी ते आधी भिंतीकडे सरकवून पाहिलं.

"तपासणीला कंपनीचे साहेब आले की आत लपवीन," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला उगाच बोलणी नकोत."

मला सांभाळायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. 'लपवू नका' एवढे दोन शब्द मी तेव्हा बोलले नाही. आज सकाळपासून तेच डोक्यात आहे, आणि दुकान उघडायला अजून तासभर आहे.