काचेवरचे ओठ

माझी आत्या एकोणीस वर्षं संग्रहालयात सफाईला होती. तिथे सगळे तिला मावशी म्हणत. मेलेल्या माणसाची तिला कधी भीती वाटली नाही. सासू, सासरे आणि नवरा, तिघांचंही शेवटचं अंग तिनेच पुसलं होतं.

तरी तळमजल्यावरच्या त्या दालनाची तिला शिसारी बसली. तिथे काचेच्या पेटीत हजारो वर्षांपूर्वीच्या एका बाईचं वाळलेलं प्रेत ठेवलं होतं. कातडी काळी पडलेली, तोंड उघडं, दात शाबूत. आत्याला किळस यायची ती तिची नव्हे, काचेची. संध्याकाळपर्यंत काचेवर नाकांचे तेलकट ठसे, थुंकीचे शिंतोडे, चिकट बोटं. कुणी तसंच तोंड वासून फोटो काढायचा, कुणी "तुझी आई दिसतेय" म्हणत बायकोला कोपरखळी मारायचा. एकदा पेटीच्या कडेला चघळलेलं च्युइंग गम चिकटवलेलं होतं. ते तिने नखाने खरवडून काढलं. त्या दिवशी डबा न उघडताच घरी परत आला.

मग एका रविवारी एका तरुणाने त्या बाईच्या तोंडासमोरच काचेला ओठ लावले. मित्र मोबाइल धरून खिदळत होते. लाळेचा ओघळ खाली आला. आत्याने ओलं फडकं त्याच्या हातात कोंबलं.

"पूस."

"मी तिकीट काढून आलोय."

"तिला कुणी विचारून आणलं नाही. पूस."

त्याने पुसलं आणि थेट तक्रार केली.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "मावशी, माफीचे दोन शब्द लिहून द्या, विषय संपला."

"देते. पण ती काच आता माझ्याच्याने पुसवणार नाही."

"अहो, ती वस्तू आहे. रजिस्टरमध्ये नंबर आहे तिचा."

"असेल. मग तुम्ही पुसा."

तिला नाण्यांच्या दालनात टाकलं. बदलीची बाई चार दिवसांत काम सोडून गेली आणि पुढच्या रविवारी साहेबांनाच फडकं हातात घ्यावं लागलं. पंधरा दिवसांत पेटीभोवती, काचेपासून दोन हातांवर, कठडा बसला. प्रेत मात्र हललं नाही. गर्दी त्याच्यामुळेच होत होती.

"आता तर कुणाचा हात पोचत नाही," मी तिला म्हटलं.

"हात नाही पोचत. हसणं पोचतं."

निवृत्त होईपर्यंत ती दुखऱ्या गुडघ्यांनी, हातात भरलेली बादली घेऊन, ते दालन टाळून मागच्या जिन्याने फिरून जायची.