पोळ्याला आलेला नवरा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण मागच्या आठवड्यात वॉर्डाच्या बैठकीत लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांचा राग अजून उतरलेला नाही.

बैठक होती एकट्या आईच्या मुलांना मिळणाऱ्या सरकारी मदतीबद्दल. मी उठून बोललो — चौकशीच्या कागदावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या कशाला? पोरांच्या जेवणाला शेजाऱ्याची परवानगी लागते का? ती अट काढा. रेशनकार्ड बघा, शाळेची हजेरी बघा आणि मदत द्या. आजही माझं हेच मत आहे. पण ती अट काय करते हे मला इतकं नेमकं कुठून ठाऊक — हे कोणी विचारलं नाही.

मी मोजमापाचा माणूस. शेंद्र्याच्या एका कारखान्यात आलेला माल मोजून घेतो. एक नग कमी भरला तरी गाडी अडवतो. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत नळ आला की कोण किती पाणी भरतं हेही मीच बघायचो. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. समोरच्या पत्र्याच्या खोलीत कौसाबाई राहते, एक मुलगी, एक मुलगा. नवरा सोडून गेलेला. एकदा दोन घागरी जास्त भरल्या म्हणून मी तिला टोकलं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, तुमची टाकी भरून नालीत वाहायली, अन् हिशेब आमच्या घागरीचा व्हय?"

लोक हसले. टाकी खरंच वाहत होती.

पुढच्या महिन्यात, तिनं याच मदतीसाठी केलेल्या अर्जाच्या चौकशीला एक मॅडम आल्या. ती कामावर गेलेली. मॅडम आधी कोपऱ्यावरच्या सलीम टेलरकडं गेल्या. मीही मागोमाग गेलो. सलीमभाई मशीन न थांबवता म्हणाले, "अकेलीच है मॅडम, लिखो ना. इसमें पूछना क्या?" सही करून ते पुन्हा कामाला लागले. मग मॅडम माझ्या दारात आल्या. नवरा येतो का?

मी म्हणालो, "पोळ्याला आला होता. मी पाहिलंय."

हे खोटं नव्हतं. तो आला होता — भर दुपारी आला, घरातलं गॅस सिलिंडर खांद्यावर टाकलं आणि गेला. मुलगी रडत त्याच्यामागं पळत गेली होती. तेही मी पाहिलं होतं. ते मी सांगितलं नाही. मॅडमनी लिहिलं, नवरा येऊन-जाऊन आहे. मी ओळ नीट वाचली आणि सही केली. एका टोमण्यासाठी.

अर्ज नामंजूर झाला. मुलगी नववीतून शाळा सोडून आईबरोबर धुण्याभांड्याला जाऊ लागली. ती फार हुशार होती वगैरे मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. आणि नसती हुशार, तर चाललं असतं का?

नियम वाईट आहे, त्यावर मी तासभर बोलू शकतो — बोललोच की. पण नियमानं मला फक्त प्रश्न विचारला होता. उत्तर कोणाचं होतं?

आणि तेवढ्यावर मी थांबलो नाही. नामंजुरी कळल्यावर कौसाबाई माझ्याकडंच आली. म्हणाली, "सह्या दोघांच्याच व्हत्या, दादा. तुम्ही काय असं करणार नाय, शिकलेलं माणूस. त्या टेलरनंच घात केला माझा."

मी म्हणालो, "असेल."

तेव्हापासून ती सलीमभाईंच्या दुकानासमोरून तोंड फिरवून जाते. मुलीलाही त्यांच्याशी बोलू देत नाही. एकदा त्यांनी मला विचारलं, "भाई, वो मेरेसे नाराज कायको है?" मी म्हणालो, माहीत नाही.

मला मात्र ती रोज नमस्कार करते. मी तो घेतो.