मिस्त्रींनी न निवडलेलं इंजिन

जुनं इंजिन विकत घ्यायचं असेल, तर मुरबाडपासून खर्डीपर्यंतची माणसं बाळाराम मिस्त्रींना सोबत नेत. म्हसा गावच्या बाजारात बैल घ्यायला जाताना एखादा जाणता माणूस बरोबर घेतात ना, तसंच. मिस्त्री न कळवता सकाळी लवकर पोचत आणि मालकाशी बोलण्याआधी इंजिनावर तळवा टेकवत. ते कोमट लागलं, की तिथूनच मागे फिरत. "ह्याला आपल्यासाठी उठवून बसवलंय," म्हणत. "इंजिन झोपेतून उठताना बघायचं. तोंड धुतल्यावर सगळेच बरे दिसतात." थंड असेल तर ते सुरू करायला लावत, वर अर्धा पेला पाणी ठेवत आणि उकिडवे बसून पाण्याची थरथर बघत. मग आत काय झिजलंय ते सांगत. त्यांच्या शब्दावर सौदा व्हायचा किंवा मोडायचा.

मी वाशिंदच्या एका कारखान्यात तीस वर्षं यंत्रांचे नकाशे काढले. निवृत्त होऊन मुरबाडला आलो, तेव्हा मनात एकच हौस उरली होती: आपल्या हातांनी दोन माणसांची, हलकी, पळणारी गाडी बांधायची. नकाशा घेऊन मिस्त्रींकडे गेलो.

"हिला छप्पर नाय, साहेब?"

"नाही."

"दारं?"

"नाहीत."

"मग पावसात?"

"पावसात बाहेर काढायची नाही."

"आमच्या व्याह्यांसारखी हाय म्हणजे," ते म्हणाले आणि त्याच दिवशी शेडमधली जागा मोकळी करायला लागले.

वर्षभरात पाइपांचा सांगाडा उभा राहिला. आता त्यात इंजिन कुठलं बसवायचं? मिस्त्रींच्या मते, अपघातात चेपलेल्या एका व्हॅनचं छोटं पेट्रोल इंजिन. माझ्या मते, भंगारात निघालेल्या जीपचं डिझेल. "गाडी हलकी ठेवलीत की लहान इंजिनपण पुरून उरतंय," ते म्हणायचे. "पुढं म्हैस बांधलीत, तर वळणार कशी ती?" मी ताकदीची गणितं सांगायचो. खरं कारण वेगळंच होतं. डिझेल इंजिनाच्या बैठकीचे नकाशे मी चार महिने खपून, शाईने काढले होते. फार सुरेख उतरले होते. ते फेकायला मन होत नव्हतं.

शेवटी दोन्ही इंजिनं भातगिरणीच्या काट्यावर तोलायची ठरली. त्या दिवशी मिस्त्री खर्डीला कुणाचा तरी पंप बघायला गेले होते. मी दोन हमाल लावले. डिझेल इंजिनाचं तेल काढलं, स्टार्टर काढला, जड चाक काढलं आणि मग तोललं. पेट्रोल इंजिन मात्र गिअरबॉक्ससकट, तेलासकट चढवलं. दोन्ही आकडे कागदावर मांडले. काय काढलं, काय ठेवलं, ते लिहिलं नाही.

मिस्त्रींनी कागद दोनदा वाचला. "एवढाच फरक? मला वाटलेला, दुप्पट असंल."

"काट्यावर मोजलंय, मिस्त्री."

"मग झालं. काटा काय माझ्यासारखा अंदाजानं बोलत नाय."

डिझेल इंजिन बसवलं आणि भातकापणी झाल्यावर म्हशाच्या रस्त्यावर चाचणी ठरली. निम्मं गाव जमलं. मिस्त्री चालवायला, मी शेजारी. सरळ रस्त्यावर गाडी झकास पळाली. पहिल्या वळणाला मिस्त्रींनी चाक पूर्ण फिरवलं, तरी नाकावरच्या वजनाने गाडी सरळच गेली आणि बांध ओलांडून शेतात शिरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मिस्त्रींच्या मिशीत पेंढा अडकला होता.

"मिस्त्री, नांगर लावायचा राह्यला का रे?" कुणीतरी ओरडलं. "इंजिन कुणी पसंत केलं?"

मी कपडे झटकत होतो. "मी," मिस्त्री म्हणाले. "मी तोलताना तिथं नव्हतो, तरी हो म्हटलं. चूक माझीच." मी झटकतच राहिलो.

आम्ही मग पेट्रोल इंजिन बसवलं आणि गाडी हरणासारखी वळू लागली. लोक म्हणाले, साहेबांनी बरोबर इंजिन टाकलं. मिस्त्रींना सोबत न्यायला कुणी येईना. उलट एक दिवस खर्डीचा गिरणीवाला माझ्याच दारात उभा राहिला: त्याला इंजिन निवडून हवं होतं. मी घाबरून मिस्त्रींकडे पळालो. ते पोट धरून हसले. "चला, मीपण येतो सोबतीला. चांगलं असंल तर एकदा खोकीन, नसंल तर दोनदा. बोला तुमी."

आठ वर्षं आमचा हा कारभार चालला. मी गंभीर चेहऱ्याने इंजिनाला प्रदक्षिणा घालायचो आणि मागच्या खोकल्याची वाट बघायचो. पण अलीकडे खोकला उशिरा येऊ लागला. विचारलं, तर म्हणाले, "त्या डिझेलच्या वेळेला माझा अंदाज फसला ना, साहेब. तवापासून नजरेचा भरवसा वाटत नाय."

ते ऐकल्यावर मला गप्प राहवेना. शेडमध्ये समोर बसून सगळं सांगितलं. मिस्त्री पुठ्ठ्याचं गॅस्केट कापत होते. कात्री थांबली.

"खरा फरक किती होता?"

"दुप्पट."

मिस्त्रींनी पुठ्ठा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "दुप्पटच. मी बोललेलो." आणि मिशीतल्या मिशीत हसले. मी माफी मागायला लागलो, तर कात्री उगारली. "मला कशाला सांगताय? ज्यांना वाटतंय मी चुकलो, त्यांना सांगा."

बाकीच्यांसाठी हे लिहिलं आहे. खर्डीला मात्र मी स्वतः गेलो. गिरणीवाल्याने पट्टा बंद केला, हात पुसले आणि सगळं ऐकून घेतलं.

"मंगळवारी शहापूरला एक इंजिन बघायचंय," तो शेवटी म्हणाला. "मिस्त्रींना पाठवा. तुमी नाय आलात तरी चालंल."