भट्टीवरची खूण

बदलापूरच्या पुढे, वांगणीच्या रस्त्याला जे थीम पार्क झालं आहे, तिथे लॉकरच्या खिडकीत श्यामकांत टिपणीस बसत. वय सदुसष्ट. काम तसं सोपं. लोकांनी कपडे, मोबाइल, पाकिटं आत ठेवायची, यांनी चावी द्यायची आणि संध्याकाळी परत घ्यायची. खिडकीवर पत्रा होता आणि मे महिन्यात तो असा तापे की त्याच्याकडे बघितलं तरी डोळे चुरचुरत.

"घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं," असं ते म्हणत.

"भिंती निदान सावलीत आहेत," उमाताई म्हणत. पण रोज सकाळी ताकाची बाटली भरून पिशवीत घालत, आणि त्यात मीठ जरा जास्तच टाकत. सत्तावीस वर्षं फाउंड्रीत काढलेल्या नवऱ्याला उन्हाळ्यात मीठ किती लागतं, ते त्यांच्या हाताला पाठ होतं.

लोखंड वितळवून ओतणारी ती फाउंड्री अंबरनाथला होती. ती बंद पडून बावीस वर्षं झाली. त्या जागेवर आता उंच इमारती आहेत, पण रिक्षावाले अजून त्या थांब्याला भट्टीच म्हणतात. तिथून जाताना श्यामकांत मान वळवून बघत. बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, तरी बघत.

आयटीआय करून ते तिथे लागले, तेव्हा त्यांना भट्टीवर अनंता म्हात्रे जोडीदार मिळाला. भट्टीच्या तोंडाशी एकाने वीस मिनिटं काम करायचं, दुसऱ्याने लांब उभं राहून त्याच्यावर लक्ष ठेवायचं, मग पाळी बदलायची. आवाज एवढा, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. पहिल्याच दिवशी मुकादमाने दोघांना समोर उभं करून सांगितलं, "उष्णता डोक्यात गेली की माणसाला स्वतःला कळत नाही. तो म्हणणार, मला काही झालं नाही. म्हणून त्याला विचारायचंच नाही. लांबून दोन बोटं दाखवायची. त्याने तीन दाखवायची. डोकं ठिकाणावर असलं तर एक मिळवून देईल. नसलं तर समोर दिसेल तेच करेल. दोनाला दोन आले, की सळईने या टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर दोन ठोके मारायचे, ते या आवाजातही ऐकू जातात, आणि ठोके पडले की त्याने वाद न घालता उतरायचं."

सत्तावीस वर्षं दोघांनी एकमेकांना बोटं दाखवली. अनंताने दोनाला दोन फक्त एकदा दाखवले. श्यामकांतांनी ठोके मारले, तेव्हा तो कँटीनपर्यंत शिव्या देत गेला आणि तिथे पोहोचल्यावर धाडकन खाली बसला. दुसऱ्या दिवशी घरच्या मळ्यातल्या भेंड्या घेऊन आला आणि श्यामकांतांच्या डब्याशेजारी ठेवल्या. तोही आता गेला, त्याला चार वर्षं झाली.

पार्कात एक हत्ती होता. गज्जू त्याचं नाव. स्पंजाचा आणि जाड कापडाचा, अंगावर चढवायचा. त्याच्या आत धोंडी असे. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर त्याची भातशेती होती. पावसाळा लागेपर्यंत तो इथे कामाला येई. चाळिशीचा, सडपातळ, सतत काहीतरी गमतीचं बोलणारा. हत्तीच्या डोक्यात बसवलेला छोटा पंखा कधीच बिघडला होता. अर्ध्या तासाने विश्रांती घ्यायची असा नियम होता, पण रविवारच्या गर्दीत मुलं हत्तीला सोडतात कुठे!

"धोंडी, जपून रे," श्यामकांत म्हणाले.

"काका, आमी उनातलीच मानसं. मना ऊन लागत नाय."

"शेतावर दुपारी बारा वाजता काय करतोस?"

"आंब्याखाली निजतो."

"मग या हत्तीत आंबा कुठे आहे?"

धोंडी मोठ्याने हसला. पण दुसऱ्या दिवशी आपणहून खिडकीशी आला. श्यामकांतांनी संकोचत त्याला ती खूण सांगितली. आजवर त्यांनी ती फॅक्टरीबाहेरच्या कुणाला सांगितली नव्हती. अडचण एकच होती, हत्तीच्या पंजाला बोटं नव्हती. मग ठरलं, काकांनी डोक्याला हात लावायचा आणि हत्तीने पोटाला.

आठवडाभरात मुलांना तो खेळच वाटू लागला. खिडकीतल्या आजोबांनी डोक्याला हात लावला, की हत्ती आणि त्याच्याभोवतीची सगळी पोरं दणादण पोटावर हात मारायची. पार्कची व्यवस्थापक हर्षदा, तिशीतली चुणचुणीत मुलगी, खूश झाली. "काका, मस्त आयडिया काढलीत! मी याचं रील केलंय," म्हणाली. श्यामकांत नुसते हसले. खरं कारण सांगावं असं त्यांच्या मनात आलं, पण एवढ्या शिकलेल्या मुलीला आपण काय सांगायचं, म्हणून गप्प बसले.

मेच्या दुसऱ्या रविवारी घोटाळा झाला. एका मुलीचा वाढदिवस होता, केक मांडलेला होता. श्यामकांतांनी खूण केली आणि हत्तीनेही डोक्यालाच हात लावला. ते खिडकी सोडून धावले, चाव्यांचा जुडगा लोखंडी कठड्यावर दोनदा आपटला आणि हत्तीला ओढूनच बाजूला नेलं. आतून हसू आलं. "काका, मज्जा केली वो!"

मुलीचे आईवडील चिडले. हर्षदाने श्यामकांतांना बाजूला घेतलं. "काका, तुमचं काम चाव्यांचं आहे. पुन्हा खिडकी उघडी टाकून गेलात तर मला वर कळवावं लागेल."

या वयात बोलणी खाल्ली याचं त्यांना फार लागलं. घरी आल्यावर त्यांनी पत्नीला सगळं सांगितलं.

"अनंताने कधी खुणेची थट्टा केली होती का?" उमाताईंनी विचारलं.

"कधीच नाही."

"मग धोंडीला तसं सांगा ना."

ते त्यांच्याच्याने झालं नाही. आपलंच चुकलं, जुनं काहीतरी उगाच इथे आणलं, असं वाटून त्यांनी खूण करणंच सोडून दिलं. तीन दिवसांनी हत्तीच खिडकीपाशी येऊन उभा राहिला आणि सोंड हलवू लागला. "काका, रागावले काय? करा ना." तेव्हा कुठे त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

मेचा शेवटचा रविवार. वारा पडलेला. लोकांचे पाय पोळू नयेत म्हणून वाटांवर ओली गोणपाटं टाकली होती, ती दहा मिनिटांत वाळत होती. लाटांच्या तलावासमोरच्या चौथऱ्यावर हत्ती नाचत होता. खाली पन्नासएक मुलं. श्यामकांतांनी डोक्याला हात लावला.

मुलांनी पोटावर हात मारले. हत्तीने डोक्याला हात लावला.

सगळे खदखदून हसले. एक छोटी मुलगी ओरडली, "गज्जू चुकला!"

श्यामकांत थबकले. पुन्हा थट्टा असेल. चौथऱ्याशेजारीच हर्षदा उभी होती. एक गाणं संपलं की तो उतरणारच आहे. त्यांनी पुन्हा खूण केली. हत्तीचा पंजा सावकाश, झोपेत उचलावा तसा वर गेला आणि डोक्यावर टेकला.

ठोके मारायला विचार करायचा नसतो, हे मुकादमाने वेगळं सांगायची कधी गरजच पडली नव्हती. त्यांनी जुडगा उचलला, कठड्यावर दोनदा आपटला आणि खिडकी तशीच टाकून निघाले.

"काका!" हर्षदा म्हणाली. तिच्या आवाजात धार होती.

"धोंडी, उतर!" श्यामकांत ओरडले. एवढ्या मोठ्याने ते अनेक वर्षांत ओरडले नव्हते. आवाज फाटला.

आतून पुटपुटणं आलं. "मना... काय नाय झालं."

ते ऐकून त्यांची उरलीसुरली शंकाही फिटली. त्यांनी दोन्ही हातांनी हत्तीचं डोकं उपसून काढलं. आतला चेहरा तांबडालाल, डोळे भलतीकडेच लागलेले, आणि कपाळावर घामाचा थेंब नाही. कोरडं ठणठणीत. मुलांचं हसणं थांबलं.

हर्षदाने तो चेहरा पाहिला आणि ती सरबताच्या गाड्याकडे धावली, बर्फाची अख्खी पेटी घेऊन आली. तिने आणि श्यामकांतांनी मिळून पोशाख उतरवला, धोंडीला सावलीत आडवं करून पाइपाचं पाणी सोडलं, काखेत बर्फ ठेवला, पुठ्ठ्याने वारा घातला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तो माणसं ओळखू लागला होता. दवाखान्यातून तीन दिवसांनी घरी गेला.

आठवड्याने कामावर आला, तेव्हा चौथऱ्यापाशी पाटी लागली होती: "गज्जू दुपारी आंब्याखाली झोपतो. संध्याकाळी पाचनंतर भेटेल." अक्षर हर्षदाचं होतं. आंब्याची गोष्ट तिला कुणी सांगितली, ते धोंडीला विचारलं तर तो आभाळाकडे बघे. दुपारचं त्याला गोणपाटं भिजवायचं काम दिलं होतं.

अशाच एका दुपारी श्यामकांत खिडकीत बसले होते. पत्रा धगधगत होता, आणि त्या धगीत त्यांना भट्टीचं लाल तोंड दिसत होतं, त्यापलीकडे उभा असलेला, घामाने निथळणारा अनंता दिसत होता. किती वेळ गेला कोण जाणे. भानावर आले तेव्हा समोर पाइप हातात धरून धोंडी उभा होता. त्याचा दुसरा हात डोक्यावर होता.

श्यामकांत बघत राहिले. बावीस वर्षांत ही खूण त्यांना कुणी केली नव्हती.

धोंडीने पुन्हा डोक्याला हात लावला. उत्तर नाही, म्हटल्यावर त्याने पाइप फेकला आणि धावत सुटला. "काका, उतरा! उतरा आधी!"

श्यामकांतांनी घाईघाईने दोन्ही हात पोटावर मारले. रांगेतली माणसं हसली. धोंडी खिडकीशी येऊन धापा टाकत त्यांचं तोंड न्याहाळत होता. कपाळावर घाम आहे का, तेच बघत होता बहुतेक.

"आहे रे, आहे," ते म्हणाले आणि त्यांनी ताकाची बाटली उघडून त्याच्यापुढे सरकवली.

एक घोट घेऊन धोंडीने तोंड वाकडं केलं. "काय खारट वो, काका!"

"पी गुपचूप," श्यामकांत म्हणाले.