खालांचे रोजे

कामाला लागले त्या दिवशी सिस्टरने मला एकच गोष्ट बजावून सांगितली. इथे कुणाशी वाद घालायचा नाही. आजोबा म्हणाले की बाहेर बैल सुटलाय, तर सुटलाय. जाऊन बांधून आल्यासारखं करायचं आणि औषधाची वेळ गाठायची. मी मूळची भांडखोर. नवरा होता तोवर त्याच्याशी, तो गेल्यावर दिराशी, नंतर रेशन दुकानदाराशी, असे भांडून भांडूनच दिवस काढलेले. त्यामुळे दिवसभर हो ला हो करणं मला सुरुवातीला फार जड गेलं. पण सहा वर्षांत शिकले. सावेडीतल्या या वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर अकरा म्हातारी माणसं आहेत, सगळी विसरण्याच्या आजाराची. मी त्यांतल्या एकाची मुलगी आहे, एकीची जाऊ आहे आणि एकीची चोरटी मोलकरीण. मी खरी कोण, हे तिथे कुणी विचारत नाही. खाली जिन्याजवळ मला राहायला खोली दिली आहे, तिथे तर विचारणारंच कुणी नसतं. मुलगी राहात्याला दिली आहे, तिला तिचा संसार आहे.

खाला दोन वर्षांपूर्वी आल्या. खाला म्हणजे मावशी, सगळे त्यांना तसंच म्हणतात. नवऱ्याच्या मागे त्यांनी बांगड्यांची पेटी घेऊन गावोगावचे आठवडे बाजार केले होते आणि त्याच्यावर मुलाला शिकवलं होतं. आल्या त्या दिवशी मी त्यांना हाताला धरून खाटेवर बसवायला गेले, तर उलट त्यांनीच माझा हात धरला, पंजा दाबून माप बघितलं आणि म्हणाल्या, "अडीच. हात सैल सोड, बेटी. भांडकुदळ बाईचा हात लई कडक असतो." त्या मजल्यावर मला तोवर कुणी इतकं बरोबर ओळखलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कोण ते त्या विसरल्या. पण हात हातात आला की परत तेच म्हणायच्या, आणि मला रोज नव्याने बरं वाटायचं.

मुलगा पुण्याला नोकरी करतो, महिन्यातून एकदा येतो. खाला दोनदा घरातून निघून बाजार शोधत हायवेपर्यंत गेल्या, तेव्हा त्याने त्यांना इथे आणलं. मी त्याला नावं ठेवणार नाही. रमजानच्या आधी त्याचा मला फोन आला. "मावशी, अम्मीला इन्शुलिन चालू आहे. डॉक्टर म्हणतात उपाशी ठेवायचं नाही. आजारी माणसाला रोजा माफ असतो, तिच्या नावाने गरिबांच्या जेवणाची सोय मी केली आहे. पण तिला यातलं काही सांगू नका. धडधाकट असताना तिने एकही रोजा चुकवल्याचं मला आठवत नाही. कळलं तर खचेल ती."

सिस्टर म्हणाली, त्यात काय, सोपं आहे. आणि सोपंच होतं. दुपारी साडेबाराला सिस्टर खालांना सुई द्यायची आणि मी ताट घेऊन जायचे. "रमजान लागला का गं?" असं खालांनी विचारलं की मी म्हणायचे, "लांब हाय अजून." मग त्या जेवायच्या. संध्याकाळी मोबाइलवर अजान वाजली की मी अर्धा खजूर आणि पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवायचे. म्हणजे दुपारी रमजान लांब असायचा आणि संध्याकाळी येऊन दारात उभा असायचा. खाला ओढणी डोक्यावर सारखी करायच्या, हात पसरून काहीतरी पुटपुटायच्या आणि खजुराचा एवढासा तुकडा तोंडात धरून डोळे मिटायच्या. एकदा म्हणाल्या, "आज लई तहान लागली हुती, पर निभावला." मी म्हटलं, "निभावला बघा." बाहेर येऊन सिस्टरला त्यांची नक्कल करून दाखवली आणि आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. तेव्हा वाटायचं, एक माणूस खूश राहतंय, त्यात कुणाचं काय जातं.

अर्धा महिना असाच गेला. मग एका दुपारी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना भेटायला त्यांची सून आली. चांगली बाई. खालांची ओढणी बघून ती जवळ आली, वाकली आणि हसून म्हणाली, "खाला, रमजान मुबारक." मी तेव्हा वरणात कुस्करलेल्या भाकरीचा तिसरा का चौथा घास त्यांच्या तोंडात घातला होता.

खालांचं चावणं थांबलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर रखरखीत ऊन होतं. मग ताटाकडे पाहिलं. मग दोन बोटांनी तोंडातला घास काढून ताटाच्या कडेला ठेवला. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. या माणसांचं डोकं कधीमधी घटकाभर अगदी लख्ख होतं, तसं त्यांचं झालं होतं.

"मी भुलून खाल्लं," त्या हळू आवाजात स्वतःलाच समजावत म्हणाल्या. "भुलून खाल्लं तर गुन्हा न्हाई. माजा रोजा हाय अजून." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पर तू कुटं भुलली हुतीस? तुला तर ठावं हुतं ना?"

सहा वर्षांत शिकलेलं हो ला हो मला त्या वेळी जमलं नाही. "व्हय," मी म्हटलं. "ठावं हुतं."

"मंग कसा गं घास घातलास?"

मी सुईचं सांगितलं, साखरेचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. त्यांनी ओठ मिटले ते मिटले. सिस्टर धावत आली. सुई देऊन झाली होती आणि पोटात जेमतेम तीन घास. तिने साखरेचं पाणी आणलं, तर खालांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. अशात साखर उतरली तर माणूस बेशुद्ध पडतं, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सिस्टर माझ्या कानाशी म्हणाली, "इथेच थांब. पाच-दहा मिनिटांत विसरतील, लगेच भरव." आणि ती डॉक्टरांना फोन लावायला पळाली.

मी ताट मांडीवर घेऊन स्टुलावर बसले. या माणसांना आठवावं म्हणून आम्ही काय काय करतो. भिंतीवर आजचा वार लिहितो, नातवंडांचे फोटो पुढे धरतो, जुनी गाणी लावतो. आणि त्या दुपारी खालांनी विसरावं म्हणून मी देवाची विनवणी करत होते. कुठल्या देवाची, तेही बघितलं नाही. खालांच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता. मला इतकं एकटं नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान सोबत रडायला चार माणसं होती.

बऱ्याच वेळाने खालांनी मान वळवली. नजर रोजच्यासारखी झाली होती.

"भूक लागली गं," त्या म्हणाल्या. "कुनाचं हे ताट?"

"तुमचंच, खाला."

"रमजान न्हाई ना लागला?"

"न्हाई. लांब हाय."

त्यांनी तोंड उघडलं. ताट संपेपर्यंत मी भरवत राहिले.

सिस्टर म्हणाली, तू आज जीव वाचवलास. ते खरंच होतं, पण मला ते ऐकवेना. संध्याकाळी खजूर पुढे ठेवल्यावर मी खालांच्या पायांशी बसले आणि म्हटलं, "खाला, मला माफ करा."

"कशाची माफी?"

"दुपारी मी..." आणि तिथेच अडले. माफी हवी तर दुपारचं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यांना ते सगळं परत पहिल्यापासून भोगावं लागलं असतं. "काय न्हाई, असंच," मी म्हटलं.

त्यांनी हसून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जा, क्येलं माफ."

त्या माफीचा मला काही उपयोग नव्हता. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण दुपारी काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांच्या लेखी ते चांगलंच झालं होतं. मी सिस्टरला म्हटलं, उरलेले दिवस खालांच्या जेवणाला दुसरी बाई घाल. ती म्हणाली, दुसऱ्या कुणाच्या हातून त्या जेवतात का? ते खरं होतं. मग रोज दुपारी ताट घेऊन जिना चढायचे, मधल्या पायरीवर जराशी थांबायचे, आणि वर जाऊन सांगायचे, लांब हाय.

ईदच्या दिवशी मुलगा आला. आईला नवी ओढणी आणली होती आणि डब्यातून बिनसाखरेचा शीरखुर्मा. खालांनी त्याला ओळखलं, तेवढं एक बरं झालं. त्याचा हात धरून त्या सांगायला लागल्या, "औंदा समदे रोजे झाले माजे. एक बी सुटला न्हाई."

त्याला सगळं ठाऊक होतं. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "खरंच, अम्मी? सगळे?"

खालांना ते आवडलं नाही. "खोटं वाटतंय व्हय? माजं सोड, मी भुलते. हिला इचार. हिच्या समदं ध्यानात ऱ्हातं."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. नंतर मुलाने नजर खाली घातली. खाला मात्र बघत राहिल्या.

"समदे झाले," मी म्हटलं. "एक बी सुटला न्हाई."

"बघ," खाला त्याला म्हणाल्या. "आता पयली वाटी हिला दे. माज्यासंगं ही बी महिनाभर उपाशी ऱ्हायली."

मुलाने वाटी भरून माझ्या हातात दिली. खाला बघत होत्या, म्हणून मी ती तिथे उभ्याउभ्याच संपवली.