मागचं चाक

वासंती आगाशे मूळच्या सांगलीच्या. त्यांचे यजमान श्रीपाद विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचे. बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतरही जवाहर नगरातल्या घरीच राहिले. मुलगी अवनी इथेच शिकली आणि लग्नानंतर बंगळूरला गेली. घरातली गाडी श्रीपादच चालवायचे. वासंतीबाईंना कुठेही जायचं असलं, तरी तेच सोडत आणि तेच घ्यायला येत.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि पाय कमजोर झाले, बोलणं जड झालं. फिजिओथेरपीला येणाऱ्या डॉक्टरने हातात दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो डॉक्टर गेला की श्रीपाद चेंडू टीपॉयवर ठेवून द्यायचे आणि दिवसभर टीव्हीसमोर बसायचे.

वासंतीबाईंना गाडी येत नव्हती. अवनीची कॉलेजातली सायकल गच्चीवरच्या खोलीत पडून होती. ती त्यांनी खाली आणवून घेतली आणि कितीतरी वर्षांनी पाय मारून पाहिला. जमलं. तेव्हापासून सकाळी श्रीपादांचा चहा, औषधं झाली की त्या सायकलने भाजी आणायला जाऊ लागल्या. भाजी दारावरही मिळत होती. पण त्या तासाभरात त्यांना कुणी हाक मारत नसे.

पण सायकलचं मागचं चाक तो तास बिघडवू लागलं. आज पंक्चर काढावं, तर आठवड्याच्या आत टायर पुन्हा जमिनीला टेकलेला. वाटेत एका मोकळ्या प्लॉटलगत विलायती बाभळी होत्या, त्यामुळे दोष काट्यांना जाई. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला राघव टायरमधून कधी काटा काढून दाखवायचा, कधी त्याला काहीच सापडायचं नाही. त्याने ट्यूब बदलली, मग टायरही बदलला. वासंतीबाईंनी रस्ता बदलला. तरी हवा जायची ती जायचीच.

वैशाखात एकदा बाजारातून परतताना चाक बसलं. राघवचं दुकान बंद होतं. उन्हात भाजीसकट सायकल ढकलत त्या घरी पोचल्या, तर श्रीपाद सोफ्याच्या पुढे फरशीवर बसलेले. उशीर झाला म्हणून फाटकापर्यंत जाऊन बघायला ते उठले होते आणि पडले होते. लागलं फारसं नव्हतं, पण त्यांना एकट्याने उठता येत नव्हतं. वासंतीबाईंनी खांद्याचा आधार देऊन त्यांना कसंबसं वर बसवलं.

संध्याकाळी अवनीचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आई, मतलब, सायकल बंद कर ना आता. सगळं घरी येतं. मी इथून ऑर्डर करत जाईन."

वासंतीबाई बघते म्हणाल्या. मुलीचं चुकत होतं असं त्यांना वाटलं नाही. पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल अंगणात उलटी केली. चमच्यांच्या दांड्यांनी टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढली, हवा भरली आणि पाण्याची बादली आणली. ट्यूब पाण्यात दाबून धरायची आणि भोकाची जागा पुसून खूण करायची, हे एकटीला जमेना. ट्यूब हातातून निसटत होती. श्रीपाद व्हरांड्यातल्या खुर्चीतून बघत होते.

"इकडे आण," ते म्हणाले.

बादली त्यांच्या पायाशी आली. उजव्या हाताने ट्यूब सरकवत आणि डाव्या मनगटाने दाबून धरत त्यांनी ती पुढे पुढे नेली. डावा हात सारखा घसरत होता, ते तो पुन्हा वर ठेवत होते. शेवटी बुडबुडे आले. वासंतीबाई खूण करायला वाकल्या, तर त्यांनी थांबवलं. जुनी ठिगळं बोटाने चाचपली. मग सावकाश, शब्द जुळवत म्हणाले, "काटा रस्त्याकडून येतो. ही भोकं आतल्या बाजूला आहेत. रिमकडे."

वासंतीबाईंनी रिममधून बोट फिरवलं. चाकाच्या तारांच्या टोकांवर असते ती रबरी पट्टी तुटून एका बाजूला गोळा झाली होती. उघड्या पडलेल्या जागेत एका तारेचं टोक वर आलेलं होतं. त्यांच्या बोटाला ते टोचलं.

त्यांनी टोक कानशीने घासलं. बगरू छापाच्या एका विरलेल्या चादरीची लांब पट्टी फाडून रिमभोवती घट्ट गुंडाळली, ट्यूबला ठिगळ लावलं आणि टायर चढवला. पुढे राघवकडून नवी रबरी पट्टी बसवून घेतली. त्यानंतर पंक्चर व्हायचं, पण खरोखरच्या काट्याने आणि क्वचित.

अवनीला त्यांनी सायकल चालू ठेवणार असल्याचं सांगितलं. मुलगी नाराज झाली, पण पुन्हा विषय काढला नाही. त्या बाहेर असताना शेजारच्या हिमानीने डोकावून जायचं, असंही ठरलं.

पावसाळ्यानंतर श्रीपाद म्हणाले, मलाही फाटकाबाहेर यायचंय. त्यांनी सीट धरली, वासंतीबाईंनी हँडल, आणि दोघं सायकलच्या दोन बाजूंनी गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे कडुनिंबाखाली बाक आहे. श्रीपाद त्यावर बसले.

"जाऊन ये," ते म्हणाले. "मी इथे आहे. घाई करू नकोस."

त्या सायकलवर बसल्या आणि बाजाराकडे वळल्या.